बर्फाच्या पेटीतली बाटली

लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, आणि तेही पेंटरनं. वडील तिसरीपर्यंत शाळेत गेले, आई शाळेच्या दारापर्यंत गेली, ती मासळी विकायला. अशा घरातला मुलगा पालघरला कॉलेजात गेला, सायन्सला गेला, यातच पुष्कळ आगाऊपणा झाला होता. त्यावर आता हे लिखाण. लेखकांना म्हणे लहानपणापासून आतून काहीतरी वाटत असतं. मला आतून काही वाटत नसे. मला सगळं पुस्तकातून वाटत असे.

घटना ज्या क्रमानं मला कळल्या त्याच क्रमानं लिहितो. त्यामुळे सुरुवातीला मी बराच हुशार वाटेन. वाचकांनी थोडा धीर धरावा.

वडील सातपाटीत तांडेल होते. बोटीवर सात माणसं, आणि सुकाणू वडिलांच्या हातात. मी बारावीला होतो त्या वर्षी दिवाळीनंतर एका शिंगाळा माशाचा काटा त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्यात घुसला. शिंगाळ्याचा काटा ज्याला लागला नाही असा माणूस आमच्या आळीत शोधून सापडणार नाही. हळद दाबायची आणि दुसऱ्या दिवशी समुद्रावर जायचं, हा उपचार. वडिलांनी हळद दाबली, चुना लावला, कसल्याशा पाल्याचा रस लावला. महिना झाला तरी जखम ओलीच. गावात कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे काट्याचं टोक आत राहिलं. मी काहीच म्हणालो नाही, कारण कॉलेजात तो धडा अजून शिकवायचा होता.

शेवटी बोईसरला एका डॉक्टरकडे नेलं. कारखान्यांतले कामगार हातपाय कापून घेऊन त्यांच्याकडे येत, म्हणजे जखमांचा अनुभव दांडगा, असा आमचा हिशेब. डॉक्टरांनी जखम पाहिली, मग लघवी आणि रक्त तपासायला सांगितलं. बाकावर आमच्या शेजारी बोटाला पट्टी बांधलेला एक कामगार होता. रिपोर्ट ऐकून तो वडिलांकडे कौतुकानं बघत म्हणाला, "शुगर? ये तो सेठ लोगों का बीमारी है, बाबा. आपका कितना बोट है?" वडील म्हणाले, "एकपन नाय." त्याला फार वाईट वाटलं. सेठपणा नसताना सेठचा आजार म्हणजे फसवणूकच.

आधी गोळ्या दिल्या. साखर हलली नाही. मग डॉक्टर म्हणाले, इन्सुलिन सुरू करू, रोज सकाळी इंजेक्शन. आणि हेही म्हणाले, "साखर खाली आली नाही तर जखम भरणार नाही. जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल. तिथंच थांबेल असं मी सांगत नाही."

वडिलांनी एकच विचारलं. "डाक्तर, अंगठा नसला तर सुकाण्यावर उभं र्‍हाता येतं का?"

डॉक्टर घाटावरचे. त्यांनी आयुष्यात सुकाणू पाहिलं नव्हतं. बोट हलते तेव्हा तांडेल अनवाणी पायांच्या अंगठ्यांनी फळी धरून उभा असतो, हे त्यांच्या पुस्तकात नव्हतं. ते म्हणाले, "बघू." वडील समजले.

बाहेर कंपाउंडरनं कागदात गुंडाळलेली बाटली माझ्या हातात दिली. म्हणाला, "हे थंड ठेवायचं हं. घरी फ्रिज आहे का? नसला तरी चालेल, पण एक लक्षात..."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "मी सायन्सला आहे."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

त्याच सुमारास कॉलेजात तो धडा सुरू झाला होता. सरांनी फळ्यावर पोटाची आकृती काढून स्वादुपिंड नावाचं एक पान डकवलं, आणि माणूस जेवला काय, उपाशी राहिला काय, रक्तातली साखर एका पट्ट्यात कशी राखली जाते ते सांगितलं. पुस्तक इंग्रजीत. मी मराठी शाळेतून आलेला. प्रत्येक ओळ शब्दकोश उघडून वाचायची आणि मग मला एकट्यालाच कळल्यासारखं घरी येऊन सांगायची, हा माझा क्रम. घरात तर आजारीच माणूस होता, म्हणजे प्रात्यक्षिकाची सोय.

मी आईवडिलांना बसवून शिकवलं. शेजारची काकीही आली, कारण आमच्याकडे जे काही होई त्याला ती येई. मी म्हणालो, "समजा आपल्या अंगणात बोटीतून खूप बोंबील आले. सगळे एका दिवसात खाऊन संपत नाहीत. मग?"

"सुकवायचे," आई म्हणाली.

"आणि?"

"माळ्यावर चढवायचे. पावसात दर्या बंद झाला का उतरवायचे. हे शिकायला तू पालघरला जातो?"

मी सांगितलं की शरीरही तेच करतं. जेवल्यावर रक्तात साखर येते, ती भरती. इन्सुलिन ती साखर उचलतं आणि यकृतात, स्नायूंत साठवतं. यकृत म्हणजे माळा. उपाशी राहिलं की दुसरं एक द्रव्य येतं आणि माळ्यावरचा साठा उतरवून रक्तात सोडतं. म्हणून भरती असो, ओहोटी असो, अंगणात माल तेवढाच.

आई लगेच म्हणाली, "म्हंजे इन्सुलिन म्हंजे मी."

"हो, तसंच."

"आन् माळ्यावरचं उतरवून सगल्यांना वाटून टाकनारी ती माझी सासू."

काकी हसून हसून भिंतीला टेकली. वडिलांनी विचारलं, "मग माझ्यात काय बिघाड हाय?"

"तुझ्यात माल येतो, पण माळ्यावर चढवणारं माणूस कमी पडतं. म्हणून बोंबील अंगणात पडून कुजतात. तीच साखर वाढलेली."

"आन् म्हनून रोज सुई टोचून बाई आनायची," वडील म्हणाले. "हिला चालत असंल तर मला चालंल."

मग जरा वेळानं, जखमेवरची माशी हाकत, ते म्हणाले, "सुकाणू पन तसंच असतं रे. एका जागी धरून बोट सरल जात नाय. जरा हिकडं, जरा तिकडं, सारखं करत र्‍हावं लागतं. पाहुन्याला वाटतं तांडेल नुसता उभा हाय."

आमच्या सरांना हे दोन तासिकांत जमलं नव्हतं. पण मी ते वहीत उतरवून घेतलं नाही. तिसरी शिकलेल्या माणसाचं वाक्य जीवशास्त्राच्या वहीत कसं लिहायचं?

आता बाटली. फ्रिज आमच्या आळीत कोणाकडेच नव्हता. पण सातपाटीत दुसरं काही कमी असेल, बर्फ कमी नाही. आमच्याकडे मासळीची एक जुनी लाकडी पेटी होती, आतून पत्रा मारलेली. मी रोज बर्फ आणून ती भरायची आणि मधोमध बाटली ठेवायची, असं ठरवलं. त्यावरही मी एक शास्त्रीय सुधारणा केली. बर्फात मीठ घातलं की थंडी आणखी वाढते, हे मी प्रयोगशाळेत स्वतः थर्मामीटर बुडवून पाहिलं होतं. कुल्फीवाला जे करतो तेच. थंड चांगलं, तर जास्त थंड जास्त चांगलं. असा माझा तर्क होता आणि त्यात मला अजूनही एकच चूक सापडते, पण ती पुरेशी मोठी आहे.

मी बर्फावर मूठभर जाडं मीठ टाकलं तेव्हा वडील पडवीत बसून बघत होते.

"मीठ नको टाकू," ते म्हणाले. "मिठाच्या बर्फानं माल लागतो, खराब व्हतो. सरंग्याचा डोला पांढरा होतो."

"बा, हा सरंगा नाही. औषध आहे."

"ते खरं," ते म्हणाले आणि जाळं विणू लागले.

तिन्हीसांजेला मी ताजा बर्फ भरायचो, मीठ टाकायचो. सकाळी बाटली काढली की ती दगडासारखी कडक, आतलं औषध पांढरं धोप. मला किती समाधान वाटायचं! असा गारवा बोईसरच्या औषधांच्या दुकानातही नसेल. आई ती बाटली पदरात धरून चुलीजवळ बसायची आणि औषध सुटलं की मी उकळलेली काचेची सिरिंज भरायचो. तळाशी कधी पांढरे कण दिसत. मी बाटली जोरात हलवायचो, ते मिसळत. शास्त्रज्ञाच्या हातातली चपळाई म्हणून काही असते.

साखर किती उतरली हे बघायला रक्त दर वेळी कोण तपासणार? त्यासाठी लघवीची परीक्षा घरीच करता येते. परीक्षानळीत निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, विटकरी झालं तर विचारू नका. मी स्पिरिटचा दिवा आणला, नळी आणली, चिमटा आणला. सकाळी आमच्या ओटीवर गर्दी व्हायची. आळीतल्या बायका पाणी भरायला जाताना थांबायच्या. "आज कुठला रंग?" "विटकरी." "काल पन विटकरीच व्हता ना?" "आज जरा जास्तच हाय." काकी म्हणायची, "होलीला रंग आनायची गरज नाय यंदा." वडील खांबाला टेकून बसत. पन्नाशीच्या तांडेलाची लघवी साऱ्या आळीनं पारखून बघावी, यात त्यांना काही वाटत असेल हे माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं.

पंधरा दिवस झाले. विटकरी. डॉक्टरांनी माझ्या तोंडून रिपोर्ट ऐकून मात्रा वाढवली. विटकरी. पुन्हा वाढवली. विटकरी. जखमेची कड काळी पडायला लागली.

आता जे औषध पुस्तकाप्रमाणे चालतं ते घरात चालत नसेल तर दोष कोणाचा? पुस्तकाचा असूच शकत नाही. माझा तर नाहीच. उरले वडील.

मी साखरेचा डबा माझ्या ट्रंकेत ठेवला. गुळाच्या ढेपेवर पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली. वडील कोणाच्या घरी गेले की कोणी चहा दिला, किती चमचे, हे मी दुसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन विचारायचो. संक्रांतीला आमच्या दारातून तिळगूळ परत गेला. होळीला आईनं पोळ्या केल्याच नाहीत. आमच्या गावात होळीला पोळ्या न करणारं घर म्हणजे सुतकातलं घर. तरी दुसऱ्या दिवशी नळीत विटकरी रंग आला, आणि मी आईसमोर, काकीसमोर, बोटीवरच्या दोन खलाशांसमोर विचारलं.

"बा, खरं सांग. काय खाल्लंस?"

"भाकरी. आन् कालवन."

"गोड?"

"नाय खाल्लं."

"ही नळी खोटं बोलत नाही, बा."

ते माझ्याकडे बघत राहिले. ज्या माणसाच्या एका ओरडण्यावर सात माणसं जाळं ओढत, तो माणूस हळू आवाजात पुन्हा म्हणाला, "नाय खाल्लं रे." मग खलाशांना म्हणाला, "तो शिकतोय ते. त्याला बघावं लागतं सगलं."

त्या दिवसापासून त्यांनी कोणाकडे जाणं सोडलं. कोणी संशय घ्यायला जागाच नको. बिनसाखरेचा चहासुद्धा ते घरात, माझ्या समोर प्यायचे आणि कप मला दाखवायचे. त्यांची हाडं दिसायला लागली. मला वाटलं, पथ्य लागू पडतंय.

मार्चमध्ये माझी परीक्षा आणि त्यांचा पाय एकदमच आले. अंगठा काळा झाला होता आणि लाली घोट्यापर्यंत चढली होती. डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. मी बरोबर यायला निघालो तर वडील रागावले. त्या साऱ्या आजारात ते माझ्यावर एकदाच रागावले. "तू पेपर दे. पायाचं काय व्हायचं ते मी गेलो काय, तू आलास काय, तेच व्हनार." आई आणि काकी त्यांना घेऊन गेल्या. जाताना आईनं बाटली किटलीत बर्फ घालून बरोबर घेतली. मीठ मी घातलं.

जीवशास्त्राच्या पेपरात प्रश्न आला, रक्तातील साखरेचे नियमन आकृतीसह स्पष्ट करा. देव आहे, असं मला वाटलं. मी स्वादुपिंड इतकं सुबक काढलं की पर्यवेक्षक उभं राहून बघू लागले. भरती, साठवण, उपास, उतरवण, चारही मुद्दे अधोरेखित केले. आकृतीत कुठेही अंगठा दाखवायचा नव्हता. त्याच दिवशी सकाळी तो काढला होता. हे मला दोन दिवसांनी गावातून मुंबईला जाऊन आलेल्या खलाशानं सांगितलं. अंगठा गेला, पाय राहिला, आणि साखर खाली आली.

"साखर कशी आली खाली?" मी विचारलं.

"काय म्हायत. तिथलं इन्सुलिन देतात. आठ दिवसांत उतरली."

"तिथं जेवण मोजून देतात ना," मी म्हणालो. "इथं कोणी ऐकत नव्हतं."

तो खलाशी तंबाखू मळत उठून गेला. मला वाटलं, माझा मुद्दा पटला.

वडील परत आले ते कुबडी घेऊन. आईनं माझी लाकडी पेटी अंगणात नेऊन पालथी घातली आणि बाटली मातीच्या छोट्या मडक्यात ठेवली. मडकं ओल्या फडक्यानं गुंडाळून घराच्या काळोख्या कोपऱ्यात, वाळूवर. मी हरकत घेतली. मडक्यात कितीसा गारवा राहणार? वडील म्हणाले, "दवाखान्यात तशी पद्धत हाय. चालू दे." एवढ्या मोठ्या इस्पितळात अशी अडाणी पद्धत असावी याचं मला दुःख झालं. पण नळी हिरवी झाली, आणि आणखी काही दिवसांनी चक्क निळी. काकीनं ओटीवर नाच करायचा तेवढा बाकी ठेवला. मी वडिलांना म्हणालो, "बघ, बा. मन आवरलं की होतं."

"व्हय रे," ते म्हणाले. "आवरलं."

जखम भरली. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून बोटी पाण्यात गेल्या तेव्हा वडीलही चढले. आई किनाऱ्यावर उभी होती, मी तिच्या शेजारी. संध्याकाळी बोट आली. ते उतरले आणि सुकाणू माझ्या चुलतभावाच्या हवाली करून घरी आले. "डावा पाय फली धरीत नाय," एवढंच म्हणाले. तेव्हापासून ते किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करतात. मला जीवशास्त्रात वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले होते. वडिलांनी ते पेढे वाटून साजरे केले. स्वतः एकही खाल्ला नाही, आणि मी लक्ष ठेवून होतो.

पुढे मी पालघरलाच बी.एस्सी.ला गेलो आणि खोली घेऊन राहिलो. काकी रोज एस.टी.नं टोपली घेऊन पालघरच्या बाजारात मासळी विकायला यायची. आईनं दिलेला डबा तिच्याकडून घ्यायला मी जायचो. गेल्या मे महिन्यातली गोष्ट. ऊन फार होतं, तिच्या टोपलीतला बर्फ भराभर वितळत होता आणि सरंगे मऊ पडत होते. मला तिची कीव आली. मी म्हणालो, "काकी, त्या बर्फावर थोडं मीठ टाक. थंडी वाढते. शास्त्र आहे."

तिच्या हातात कोयता होता. तो तिनं पाटावर आपटला.

"मेल्या, तुझ्या मिठानं तुझ्या बापाचा अंगठा खाल्ला, आन् आता माझे सरंगे खायला आलास?"

शेजारच्या दोन मासळीवाल्या माना वळवून आमच्याकडे बघायला लागल्या. काकीनं तोंडावर हात ठेवला. तो हात माशाच्या खवल्यांनी चकाकत होता. मग तिनं तो हळूच खाली घेतला.

"बस," ती म्हणाली. मी टोपलीशेजारी बसलो.

"मुंबईच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं ती बाटली उजेडात धरली. आत पांढरे तुकडे. बोलली, हे गोठलेलं हाय, मेलेलं औषध हाय, पानी टोचलं तरी तेवढंच. मोठा डाक्तर आला. किटलीतल्या बर्फावर अजून मिठाचे खडे व्हते. कोनी ठेवलं हे मिठाच्या बर्फात? तुझी आय तोंड उघडनार तर तुझ्या बापानं तिचा हात दाबला. बोलला, मी ठेवलं, साहेब. आमी मासलीवाले. बर्फ दिसला का मीठ टाकायची खोड हाय हाताला. डाक्तर सगल्या वार्डासमोर बोलला त्याला. अडानी बोलला. तांडेल मान खाली घालून ऐकत व्हता."

मी काहीतरी विचारलं असेन. काय, ते आठवत नाही.

"बाहेर आल्यावर आमाला शपथ घातली त्यानं. पोराचे पेपर चालू हायत, त्याला यातलं कलता कामा नये. कललं तर पुस्तक हातात धरनार नाय तो परत. गावात आल्यावर बोटीवाल्यांना पन सांगितलं." तिनं कोयता उचलला, एक सरंगा पाटावर ओढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सगल्या आलीला म्हायत हाय, बाला. तीन वर्सं झाली. तुला एकट्यालाच नाय."